नाव काढणं

आमच्याकडे नाव काढणं ही पहिली पायरी. बाहेर कुणी ‘पोरीनं आईबापाचं नाव काढलं’ म्हणालं की पेढे वाटतात. कुणी ‘त्याचं नावसुद्धा काढू नकोस’ म्हणालं की समजावं, भांडण जुनं आहे. आमच्या उकलघरात मात्र नाव काढतात म्हणजे खरोखरच काढतात, बरणीवरची चिठ्ठी ओली करून सोलून काढावी तसं. मग आत काय आहे ते कळायला झाकण उघडून बघावं लागतं.

उकलघर कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कारखाने अडले की आमच्याकडे येतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातले हरी ते आणि उरलेले आम्ही. मी पद्मजा मगदूम, मूळची जयसिंगपूरची, यंत्रशाखेची पदवीधर, लग्न न केलेली. हे शेवटचं सांगायलाच हवं असं नाही, पण नावं ठेवणाऱ्यांची तेवढीच सोय होते.

आमची पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. नवी कल्पना सुचायलाही ठरलेल्या वाटा असतात, असं मानणारे लोक जगात पूर्वीपासून आहेत. त्यांचं म्हणणं असं की अडचण कुठलीही असो, तिच्या पोटात एक भांडण असतं. एकच वस्तू अशीही हवी असते आणि तशीही. छत्री मोठी हवी, कारण भिजायचं नाही. लहान हवी, कारण पिशवीत मावायला पाहिजे. साधा माणूस मधल्या मापाची छत्री घेतो, अर्धा भिजतो आणि पिशवीही फुगवतो. आमच्याकडे अशी तडजोड चालत नाही. भांडणाऱ्या दोघांना वेगळं करायचं, वेळेत नाहीतर जागेत. उघडल्यावर मोठी आणि मिटल्यावर लहान, हे वेळेत वेगळं करणं झालं. आणि मग स्वतःला विचारायचं, की वस्तूच नसली आणि तिचं काम मात्र होत राहिलं, तर ते कुणाकडून होईल? जवळपास फुकट पडलेलं काय आहे? आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; पद्धत एवढंच सांगते की वळसा घालण्याआधी काख तपासा.

कागदावर हे सोपं आहे. माणूस अडतो तो नावापाशी. छत्री म्हटलं की डोळ्यांपुढे दांडी आणि काळं कापड येतं, मग डोकं दांडी आणि कापडाभोवतीच फिरत राहतं. म्हणून नाव काढायचं. पूर्वी हे फळ्यावर व्हायचं आणि अर्धवटच व्हायचं. मग आमच्याकडे टोप आला.

टोप दिसायला क्रिकेटच्या हेल्मेटसारखा. डाव्या कानशिलाच्या आत मेंदूचं एक टोक असतं. एखाद्या वस्तूबद्दल आपल्याला जे जे ठाऊक असतं, तिचा आकार, वजन, वास, उपयोग आणि तिच्याबद्दल वाटणारी ओढ, ते मेंदूत ठिकठिकाणी विखुरलेलं असतं. या टोकापाशी त्याचं गाठोडं होतं आणि नाव ही त्या गाठोड्याची गाठ. टोपातून चुंबकीय स्पंद सोडले की गाठ तासाभरासाठी सैल होते. पण गाठी तर लाखो, मग कुठली सुटते? त्या घडीला जी जागी असेल ती. म्हणून सोडवणाऱ्यानं वस्तूकडे बघत तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, पुन्हापुन्हा, आणि त्या आवाजाच्या तालावर टोप स्पंद सोडतो. लहानपणी एकच शब्द सारखा म्हणत राहिलं की तो परका वाटायला लागायचा, तसंच हे, फक्त फार खोलवर.

काम झालं की वस्तू परत समोर धरायची आणि आधी घेतलेलंच नाव परत घ्यायचं. ते ऐकत ऐकत गाठ पुन्हा बसते. याला आम्ही नाव ठेवणं म्हणतो. हा विनोद टोप चालवणाऱ्या इकबाल मुल्लाचा. तो म्हणायचा, जगात लोक फुकट नावं ठेवतात, आपण पगार घेऊन ठेवतो.

गाठ पुन्हा बसते, पण पहिल्याइतकी घट्ट बसत नाही. हे मला पळीनं शिकवलं. एका कारखान्याला जेवणावळीत न सांडणारी आणि तरीही झटकन ओतणारी पळी हवी होती. मी टोप घालून पळीकडे बघत पळी, पळी म्हणत बसले. मनाला कुठं लगाम असतो? पळी म्हटल्यावर आमच्या घरची आमटी आठवली, आणि आमटीबरोबर वाढणारा हात आठवला. पळी झकास झाली. नाव परत ठेवलं ते फक्त पळीचं. मी घरी आले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. आई वारून बरीच वर्षं झाली होती, तरी रोज त्या फोटोपाशी मी जरा थांबायचे. त्या दिवशी तिथं एक बाई होती. कपाळाला कुंकू, डावा डोळा किंचित बारीक. ही माझी आई हे मला माहीत होतं, आणि तेवढंच होतं. मी रडले नाही. रडू यायला हवं होतं हेसुद्धा हात धुताना लक्षात आलं.

उकलघराच्या प्रमुख घोरपडे मॅडम मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी मला तपासलं आणि माझा टोप बंद केला. त्या म्हणाल्या, ओढ पुसली जात नसते, तिचं टोक सुटतं आणि मग ती लोंबत राहते. तोवर आणखीही बरेच जण माझ्या मनातून असेच सुटून गेले होते. कॉलेजची मैत्रीण गेली होती, शेजारच्या काकू गेल्या होत्या. त्या भेटल्या की मी बोलायचे, हसायचेही. हसायच्या जागा मला पाठ होत्या. वाईट वाटत नव्हतं, आणि त्यामुळे कुणाला सांगावंसंही वाटत नव्हतं. आता कोण उरलंय, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, भाऊ.

“मग त्याला जपा,” त्या म्हणाल्या.

भरतेश माझ्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो शाळेतही जायला लागला नव्हता. त्याला न्हाऊ घालणं, त्याचं शेंबडं नाक पुसणं, त्याच्या मास्तरांपुढे मान खाली घालून उभं राहणं, सगळं माझ्याकडे आलं. आता जयसिंगपुरात त्याची बेकरी आहे. दुपारी भट्टी निवली की तो मला फोन करायचा आणि खारीपासून राजकारणापर्यंत काहीबाही सांगायचा. ऐकण्यासारखं त्यात काही नसायचं. पण तो ‘आक्का’ म्हणाला की माझ्या घशाशी काहीतरी दाटायचं. सबंध दिवसात तेवढं एकच दाटायचं, आणि मी त्यासाठी जेवण आटोपून फोनपाशी बसायचे.

लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर त्याला मुलगा झाला, आणि झाला तो श्वासासाठी झगडतच. बाळाच्या श्वासनळीचा मानेतला भाग फार मऊ होता. श्वास आत ओढला की आत पोकळी होते आणि नळीची भिंत चिकटते. रिकामं होत आलेलं फ्रूटीचं खोकं स्ट्रॉनं ओढताना आत चेपतं तसं. मिरजेच्या एका रुग्णालयात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. आतून नळी घालून फार काळ ठेवता येत नव्हती, ती लागायची. बाहेरून नळीला आधाराचं वेष्टण बसवतात, ते तिथले डॉक्टर बसवू शकत होते. पण श्वासनळीच्या अगदी पाठीला चिकटून अन्ननळी असते. या बाळाची जागा इतकी चिमुकली, की वेष्टण जरा कडक झालं तर ती दाबली जायची.

भरतेशनं मला पेटीपाशी नेलं नाही. बाहेर बाकावरच बसवलं आणि माझा हात धरला.

“आक्का, कडक बसवलं तर दूध उतरणार न्हाई, मऊ बसवलं तर श्वास मिळणार न्हाई, असं म्हणत्यात डॉक्टर,” तो म्हणाला. “हे तर तुझंच काम की.”

माझंच काम होतं. इतकं स्वच्छ भांडण कारखानेसुद्धा मांडून देत नाहीत. मी उकलघरात जाऊन फळ्यापुढे उभी राहिले, सहकाऱ्यांनाही बसवलं. फळ्यावर नळ्या आल्या, कड्या आल्या, स्प्रिंगा आल्या. सगळं जुनंच, आणि सगळं कुठल्या ना कुठल्या डॉक्टरनं करून बघितलेलं. मिरजेहून निरोप आला की बाळ थकत चाललंय, आणखी फार दिवस यंत्रावर निघणार नाहीत. मग मी मॅडमकडे गेले आणि टोप मागितला.

त्या नाही म्हणाल्या. मी त्यांना पद्धतीनंच उत्तर दिलं. हे बाळ मी अजून मांडीवरसुद्धा घेतलेलं नाही. त्याचा वास मला माहीत नाही, आवाज माहीत नाही, कारण तोंडात नळी असल्यामुळे त्याला आवाजच नाही. जे गाठोडं बांधलंच गेलं नाही, त्याची गाठ सुटून माझं जाणार काय? पळीमागे आई होती, या बाळामागे कोण आहे? मॅडमनी बराच वेळ पेन फिरवलं. त्यांना यात चूक सापडली नाही, मलाही सापडली नव्हती. शिकलेल्या दोन बाया आम्ही, आणि बाळामागे कोण असतं हे आम्हाला सुचलं नाही.

इकबाल टोप घेऊन मिरजेला आला. काचेच्या पेटीसमोर मला खुर्ची दिली. बाळ माझ्या दोन ओंजळींएवढं होतं, अंगावर तारा, नाकातोंडात नळ्या, आणि यंत्राच्या तालावर छाती वरखाली. मला दया आली असं म्हणता येणार नाही. माझं लक्ष त्याच्या मानेकडे होतं.

“कुठलं नाव घेताय?” इकबालनं विचारलं. आवाजाशिवाय टोप चालत नाही, काहीतरी नाव घ्यायलाच हवं होतं. बाळाला नाव नव्हतं. बारसं व्हायचं होतं, आणि मूल धड होऊन घरी येईपर्यंत बारशाचा विषय काढायचा नाही असं भरतेशच्या सासूबाईंनी बजावलं होतं. पेटीवरच्या कार्डावर त्याची आई त्रिशला, तिचं नाव होतं, पण ते दवाखान्यातलं झालं. आमच्या गल्लीत, बेकरीवर, पाहुण्यारावळ्यांत जे म्हणत होते तेच माझ्या तोंडी आलं.

“भरतेशचं बाळ,” मी म्हटलं. इकबालनं मान डोलावली आणि कळ दाबली.

भरतेशचं बाळ. भरतेशचं बाळ. भरतेशचं बाळ. मी काचेकडे बघत म्हणत राहिले आणि शब्द हळूहळू विटत गेले. आधी बाळ गेलं. मग काच गेली, दवाखाना गेला. समोर एक बारीक, ओली, मऊ पोकळी उरली, तिच्यात वारा जात होता आणि येत होता. वारा आत ओढला की भिंत पडायची. वाईट काय होतं? ओढ. दुसरं काही नव्हतंच तिथं, फक्त ओढ. मग कळसा काखेतच होता. ज्या ओढीनं भिंत पडते, तिनंच भिंत धरली पाहिजे. ओढ असताना कडक, नसताना मऊ, असं मी कुठं पाहिलंय? एक चौकोनी दगड आठवला, हाताएवढा, चकचकीत. त्याला सुरी लागली की फुस्स होतं आणि दगडाची वाळू होते. तो काय आहे, कुठं असतो, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मी त्याचं चित्र काढलं.

तो यीस्टचा पुडा होता. बेकरीत येतो तो. आतली हवा काढून घेतलेली असते, म्हणून बारीक दाणे एकमेकांवर दाबले जातात आणि विटेसारखे कडक होतात. हवा आत गेली की सुटे होतात. श्वासनळीभोवती असंच दुपदरी पातळ वेष्टण घालायचं, पदरांच्या मध्ये रव्याहून बारीक दाणे, आणि नळीच्या आतला दाब एका पडद्यातून त्या दाण्यांपर्यंत पोचवायचा. बाळानं श्वास ओढला की त्याच ओढीनं दाणे आवळतात, वेष्टण कडक होतं आणि भिंतीला धरून ठेवतं. ओढ थांबली की दाणे सैल, वेष्टण मऊ. दूध गिळताना कुणीच श्वास घेत नाही, तेवढ्यात दूध मागून उतरतं. दोन-तीन वर्षांत बाळाची नळी आपोआप कडक होते आणि तोवर वेष्टण अंगात विरून जातं. आता असं वेष्टण दवाखान्याच्या त्रिमितीय छपाईयंत्रावर छापून होतं.

चित्र झाल्यावर इकबालनं नियमाप्रमाणे मला पुन्हा काचेकडे बघायला सांगितलं. नाव ठेवायचं राहिलं होतं. मी बाळाच्या तोंडाकडे बघत मघाचंच नाव घेतलं, पुन्हापुन्हा, शब्द ओळखीचे होईपर्यंत. मग टोप काढला आणि बाहेर आले.

बाहेर बाकावरून एक माणूस उठला. पुढे आला आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागला. हात जाड होते, गरम होते, बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. हा भरतेश, माझा भाऊ. हे मला माहीत होतं, मिरजेहून जयसिंगपूरला कुठली बस जाते हे माहीत असतं तसं. तो आक्का, आक्का म्हणत होता. मी वाट बघितली. घसा कोरडाच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण अशा वेळी ठेवतात.

शस्त्रक्रिया चांगली झाली. बाळानं यंत्राशिवाय श्वास घेतला, मग चमच्यानं दूध घेतलं, मग रडून दाखवलं. डॉक्टर मंडळींनी माझं कौतुक केलं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि जयसिंगपुरात लोक म्हणाले की मगदुमांच्या पोरीनं नाव काढलं. मी ते वाचलं आणि पेपर घडी घालून ठेवला.

मॅडमना मी भरतेशबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी आधी टोपाच्या त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण लावलं. खोलीभर माझाच आवाज घुमायला लागला. भरतेशचं बाळ, भरतेशचं बाळ. थोडा वेळ ऐकून त्यांनी ते बंद केलं.

“पद्मजा, तुम्ही बाळाचं नाव घ्यायचं होतं.”

“बाळाला नाव नव्हतं मॅडम. बारसं व्हायचं होतं.”

मला त्यांच्यावर रागही आला नाही, स्वतःवरही नाही. मनात एवढंच आलं की आपण हे लिहून ठेवायला हवं, पुढच्यांना उपयोगी पडेल.

मॅडमनी एक प्रयत्न केला. भरतेशला कागलला बोलावलं, माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं, आणि मला त्याच्याकडे बघत त्याचं नाव घ्यायला लावलं. त्याला सगळं सांगावं लागलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दाढी करून. मी भरतेश, भरतेश म्हणत राहिले. आधी त्याला हसू आलं. मग त्याचे डोळे भरले. मग तो नुसताच बसून राहिला, फोटो काढताना बसतात तसा, मान हलू न देता. बराच वेळ गेल्यावर मॅडमनी हात वर केला. नाव बसत नाहीये, त्या म्हणाल्या, कारण ते मोकळं नाहीये. कुठंतरी आधीच बसलंय. कुठं, ते त्यांना सांगता येईना.

जाताना भरतेशनं बरोबर आणलेली खारी माझ्या टेबलावर ठेवली. ‘मी फोन करतच राहीन’ म्हणाला आणि खरंच करत राहिला. मी उचलायचे. बाळ कसं आहे, त्रिशला कशी आहे, मैद्याचा भाव काय, असं क्रमानं विचारायचे. प्रश्नांत काही चूक नसायची. तो उत्तरं द्यायचा आणि मग मी फोन ठेवायचे. एकदा त्यानं विचारलं, बाळाला बघायला येत का नाहीस? मी खरं ते सांगितलं, की येऊन काय करायचं ते मला कळत नाही.

बाळानं बाळसं धरल्यावर बारसं ठरलं. आत्या मीच, दुसरी नाही. आमच्याकडे नाव आत्यानं ठेवायचं. भरतेश स्वतः न्यायला आला. वाटेत त्यानं सांगितलं की नाव अरिंजय ठरलंय, त्रिशलानं पोथ्या धुंडाळून शोधलंय. मी गाडीत ते पाठ केलं. भीती नव्हती. एक काम होतं आणि ते मला जमण्यासारखं होतं.

घरात बायका भरल्या होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, समोर पाट, मोठ्या पातेल्यात घुगऱ्या. त्रिशला नव्या साडीत, डोळ्यांखाली अजून काळं होतं. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, वन्सं, तुमच्यामुळं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाळाला पाळण्यात घातलं. बायका माझ्या मागं पाठीवर धपाटे घालायला सरसावून उभ्या राहिल्या, कारण आत्यानं कानात कुर्र केलं की तिला धपाटे पडतात. अरिंजय, मी मनात म्हटलं आणि वाकले.

नळ्या नसलेलं ते तोंड मी पहिल्यांदाच बघत होते. बाळ जागं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खालचा ओठ बाहेर काढला.

माझा घसा दाटला. इतक्या जोरात दाटला की मी पाळण्याची कड धरली. डोळ्यांपुढचं दिसेना. त्याचं शेंबडं नाक मी पुसलं होतं, त्याच्यासाठी मास्तरांपुढे उभी राहिले होते, दुपारी जेवण आटोपून त्याचीच वाट बघत बसले होते. सगळंच्या सगळं तिथं होतं, पाळण्यात, माझ्यापासून वीतभर अंतरावर. किती दिवसांनी मला कुणीतरी माझं वाटलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं, आणि ओठांवर जे नाव आलं ते घेतलं. बायकांनी धपाटे घातले. कुणीतरी हसत विचारलं, काय ठेवलं नाव? मी ताठ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“भरतेश.”

हसणं विरलं. त्रिशलानं माझ्याकडे बघितलं आणि मग दाराकडे. तिच्या आईला आधी वाटलं की ऐकण्यात चूक झाली, मग कळलं की झाली नाही.

“बापाचंच नाव पोराला?” त्या म्हणाल्या. “असं कुठं असतंय व्हय?”

बायका कुजबुजायला लागल्या. भरतेश भरतेश मगदूम, शाळेत मास्तर हसतील. आत्याच्या डोक्यावर त्या यंत्राचा परिणाम झालाय, बिचारी. मला ते ऐकू येत होतं, पण माझा हात पाळण्यात होता आणि माझं बोट त्यानं मुठीत धरलं होतं.

दारातला माणूस आत आला. बायकांनी वाट दिली. त्यानं आधी माझ्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं, मग त्या मुठीकडे. कागलच्या खुर्चीवर बसला होता तसाच तो थोडा वेळ न हलता उभा राहिला. त्याला कळलं. मला वाटतं, माझ्याही आधी कळलं.

“ऱ्हाऊ दे,” तो सासूबाईंना म्हणाला. “आत्यानं ठेवलंय न्हवं, मग त्याचं नाव तेच.” त्रिशला काही म्हणायला लागली, त्यानं मानेनंच नको म्हटलं. मग तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “आक्का, आणि आता मला काय म्हणशील?”

मी त्याच्याकडे बघितलं. चांगला माणूस दिसत होता. बाळाचा खालचा ओठ त्याच्यावरच गेला होता.

“तुम्ही सांगाल ते म्हणेन,” मी म्हटलं.

मग त्यानं घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि बाहेर बसलेल्या लोकांना वाढायला गेला.